इथेनॉलचं पेट्रोल आणि पिकअप गाडी: ओढ वेगळी, ॲव्हरेज वेगळा

सावद्याच्या केळी गाड्यांपासून दोंडाईच्याच्या मक्याच्या गाड्यांपर्यंत सध्या एकच तक्रार ऐकू येते: "नवीन पेट्रोल आल्यापासून गाडी ओढत नाही आणि ॲव्हरेजही पडला." नवीन पेट्रोल म्हणजे ई२०, २० टक्के इथेनॉल (ऊस-मक्यापासून बनणारं अल्कोहोल) मिसळलेलं. या वाक्यात दोन तक्रारी एकत्र आल्या आहेत, आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय मिस्त्रीकडे जाऊन उपयोग नाही. ॲव्हरेज पडतो हे खरं आहे. किती पडतो याचा हिशोबही कागदावर मांडता येतो. ओढ मात्र कंप्युटरवर चालणाऱ्या इंजेक्शनच्या गाडीत इथेनॉलमुळे कमी व्हायला नको. ती कमी झाली असेल तर गाडीत काहीतरी बिघडलंय, आणि ते शोधलंच पाहिजे. सगळा दोष इथेनॉलवर टाकला की तो बिघाड तसाच राहतो आणि पुढे मोठा खर्च काढतो.

आधी डिझेलवाल्यांसाठी दोन ओळी. आपल्याकडची बहुतेक मोठी पिकअप डिझेलवर आहेत आणि पंपावरच्या डिझेलमध्ये इथेनॉल नसतं. इथेनॉल डिझेलमध्ये नीट मुरत नाही, त्याचा सीटेन नंबर, म्हणजे इंजिनात दाबाने आपोआप पेटण्याची क्षमता, फार कमी असतो, आणि बाहेर ठिणगी मिळाली तर त्याची वाफ डिझेलपेक्षा खूप लवकर पेट घेते. तेव्हा डिझेल बोलेरो किंवा योद्धाचा ॲव्हरेज पडला असेल तर कारण दुसरीकडे शोधा. हा लेख पेट्रोल आणि सीएनजीवरच्या छोट्या गाड्यांसाठी आहे: मारुती सुपर कॅरी, पेट्रोलवरची टाटा एस, महिंद्रा जीतो आणि त्यांच्या जातीच्या.

आता ॲव्हरेजचा हिशोब. १ लिटर शुद्ध पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. १ लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१, म्हणजे पेट्रोलच्या दोन तृतीयांश. त्यावरून १० टक्के मिश्रणात, म्हणजे ई१० मध्ये, लिटरमागे साधारण साडेतीन टक्के ऊर्जा कमी होते आणि ई२० मध्ये सुमारे पावणेसात टक्के. देशात १० टक्क्यांचा टप्पा जून २०२२ मध्ये गाठला गेला, म्हणून त्या काळात तुम्ही ई१० वर गाडी चालवत असाल तर ई२० आल्यावर नव्याने बसलेला फटका फक्त साडेतीन टक्क्यांच्या आसपासचा आहे. नीती आयोगाच्या जून २०२१ च्या आराखड्यातही याच पट्ट्यातले आकडे आहेत: साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१० ला जुळवलेल्या चारचाकीत ई२० मुळे ६ ते ७ टक्के घट, आणि ई१० साठी बनवून ई२० ला जुळवलेल्या गाडीत १ ते २ टक्के.

रुपयांत पाहू. साध्या पेट्रोलवर १५ चा ॲव्हरेज देणारी गाडी ई१० वर साडेचौदा आणि ई२० वर १४ देईल. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर किलोमीटरला अनुक्रमे ७ रुपये, ७ रुपये २४ पैसे आणि साडेसात रुपये. महिन्याला १५०० किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला साध्या पेट्रोलच्या तुलनेत ७५० रुपये जास्त लागतात. ही रक्कम लहान नाही. लिटरमागे ऊर्जा कमी मिळत असेल तर भावातही तेवढा फरक दिसायला हवा, असं आमचं स्पष्ट मत आहे. पंपाच्या मशीनवर टक्केवारी ठळक लिहिलेली असावी, हेही. खान्देशातला मका आज इथेनॉलच्या कारखान्यांत जातो आणि त्यामुळे मक्याला एक नवं गिऱ्हाईक मिळालं, ही चांगलीच गोष्ट आहे. पण मका विकणारा आणि पिकअपमध्ये पेट्रोल भरणारा शेतकरी बऱ्याचदा एकच असतो. त्याला दोन्हीकडचा हिशोब कळला पाहिजे.

कुणी म्हणत असेल की आमचा ॲव्हरेज १५ वरून ११ वर आला, तर तो इथेनॉलने आलेला नाही. सात टक्क्यांच्या वर जे काही गेलंय त्याला दुसरं कारण आहे.

आता ओढीकडे वळू. इंजिनाची ताकद किती पेट्रोल आत जातं यावर ठरत नाही, किती हवा आत जाते यावर ठरते. एका फेऱ्यात सिलिंडर ठराविकच हवा ओढतो, आणि त्या हवेला पुरेल एवढंच इंधन गाडीचा कंप्युटर सोडतो. १ किलो साधं पेट्रोल जळायला १४.७ किलो हवा लागते, १ किलो इथेनॉलला ९ किलो. म्हणजे तेवढ्याच हवेला इथेनॉल जास्त लागतं, पण त्याच्या किलोत ऊर्जाही कमी असते. भागाकार करून बघा: १ किलो हवेमागे दोन्हीतून मिळणारी ऊर्जा जवळजवळ सारखीच येते, ३ मेगाज्यूलच्या आसपास. त्यामुळे इंजेक्टरने, म्हणजे इंधन फवारणाऱ्या तोटीने, ७ ते ८ टक्के जास्त इंधन सोडलं की ताकद तीच राहते. जास्त गेलेलं इंधन ॲव्हरेजच्या खात्यात दिसतं, ओढीच्या नाही.

उलट थोडा फायदाच आहे. इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे अवेळी न पेटता दाब सोसण्याची क्षमता, सुमारे १०८ आहे. आपल्याकडे साधं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं होतं, ई२० साठी ९५ धरलेला आहे. शिवाय इथेनॉल वाफ होताना पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त उष्णता शोषतं आणि सिलिंडरमध्ये जाणारं मिश्रण थंड करतं. कन्नड घाटात किंवा कोंडाईबारीत भरलेली गाडी तिसऱ्या गिअरला दाबल्यावर जी खडखड येते, ते नॉकिंग. ते आलं की कंप्युटर स्पार्क मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो, आणि ओढ मरते. ई२० वर हे नॉकिंग कमी येतं. ब्राझीलमध्ये फियाट स्ट्राडा नावाचं छोटं पिकअप फार चालतं आणि ते पेट्रोल आणि इथेनॉल दोन्हीवर चालतं. त्याच्या १.३ लिटर इंजिनाची कंपनीने दिलेली ताकद पेट्रोलवर ९८ आणि इथेनॉलवर १०७ हॉर्सपॉवर आहे. त्याच गाडीचा ॲव्हरेज इथेनॉलवर साधारण ३० टक्क्यांनी कमी होतो. एकाच इंजिनात ताकद वर, ॲव्हरेज खाली.

मग आपली गाडी ओढत का नाही? पहिलं कारण आपल्याकडचा मे महिना. गरम हवा विरळ असते. २५ अंशांच्या तुलनेत ४५ अंशांच्या हवेत सुमारे ६ टक्के कमी ऑक्सिजन मिळतो, आणि तेवढीच ताकद जाते. भुसावळ-जळगावच्या उन्हाळ्यात ही घट दरवर्षी येते, पेट्रोल कुठलंही असो. छोट्या पिकअपमध्ये इंजिन सीटखाली किंवा हौद्याखाली असतं. एअर फिल्टरला बाहेरची हवा आणणारा पाइप फाटलेला किंवा निघालेला असेल तर इंजिन स्वतःच्याच अंगाची गरम हवा ओढतं. ती ६० अंश असेल तर घट १० टक्क्यांवर जाते. हा पाइप बघायला पाच मिनिटं लागतात. कापसाच्या हंगामात धूळ आणि तंतू बसून फिल्टर चोंदतो, तो त्याच वेळी उघडून बघा. इंजेक्शनच्या गाडीत चोंदलेल्या एअर फिल्टरने ॲव्हरेज फारसा पडत नाही, ओढ मात्र नक्की पडते.

दुसरं कारण इंधनाच्या वाटेतलं आहे, आणि यात इथेनॉलचा आडून हात असतो. इथेनॉल चांगलं विद्रावक आहे. जुन्या गाडीच्या टाकीत, पाइपात वर्षानुवर्षं बसलेला राळेसारखा थर ते सोडवतं. तो सुटलेला मळ टाकीतल्या फ्युएल पंपाच्या जाळीत आणि फ्युएल फिल्टरमध्ये अडकतो. लक्षण ठरलेलं असतं. आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, गाडी छान चालते, रिकामी पळतेही, पण माल भरून चढाला लावली की दम तोडते. जुन्या गाडीला ई२० सुरू झाल्यावर पहिल्या दोन-चार टाक्यांनंतर फिल्टर बदलून टाका. पाइपला लागलेला बाहेरचा फिल्टर असेल तर काम सोपं आहे, पंपाच्या डब्यातला असेल तर टाकी उतरवावी लागते.

फिल्टर बदलण्याआधी खात्री करायची असेल तर प्रेशर गेज लावा. आधी फ्युएल पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू करा आणि ते आपोआप बंद पडू द्या, म्हणजे लाइनमधला दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, आणि त्यानंतरच पाइप सोडा. गेज जोडून झालं की फ्यूज आणि तार परत लावा. बहुतेक गाड्यांत दाब ३ ते ४ बार असतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. आयडलला दाब बरोबर आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर अर्धा-एक बार खाली येत असेल तर जाळी, फिल्टर किंवा पंप यांपैकी एक. इग्निशन बंद केल्यावर दाब लगेच शून्यावर येत असेल तर पंपातला व्हॉल्व्ह किंवा गळका इंजेक्टर.

याहून स्वस्त तपासणी म्हणजे ओबीडी स्कॅनर, गाडीच्या कंप्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र. मोबाइलला ब्लूटूथने जोडणारं छोटं यंत्रसुद्धा पुरतं. त्यात 'लाँग टर्म फ्युएल ट्रिम' नावाचा आकडा दिसतो. सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर बघून कंप्युटर मूळ हिशोबापेक्षा किती टक्के इंधन जास्त किंवा कमी सोडतोय, तो हा आकडा. ई१० ला जुळवलेल्या गाडीत ई२० भरल्यावर तो ३ ते ५ टक्क्यांनी वर सरकणं साहजिक आहे, आणखी जुन्या गाडीत ८ पर्यंतही. पण तो १५ च्या वर गेला तर बिघाड आहे, आणि कुठे आहे हेही तोच सांगतो. इंजिन गरम झाल्यावर आधी आयडलला आकडा लिहून घ्या, मग २५०० आरपीएमवर अर्धा मिनिट धरून पुन्हा लिहा. आयडलला जास्त आणि २५०० वर कमी असेल तर कुठून तरी फुकटची हवा शिरतेय: मॅनिफोल्डचं गॅस्केट, व्हॅक्यूमची नळी, ब्रेक बूस्टरचा पाइप. आयडलला ठीक आणि आरपीएमबरोबर वाढत असेल तर इंधन कमी पडतंय: फिल्टर, पंप, चोंदलेले इंजेक्टर. पी-०१७१ हा कोड याच दुखण्याचा, मिश्रण पातळ (हवा जास्त, इंधन कमी) झाल्याचा. काही मिस्त्री चेक इंजिनचा दिवा विझवायला सरळ बॅटरी काढतात. त्याने कंप्युटर शिकलेलं सगळं विसरतो, गाडी पुढचे काही किलोमीटर आणखी वाईट चालते आणि खरं कारण पुसलं जातं. आधी आकडे लिहून घ्या, मग काय पुसायचं ते पुसा.

ई२० वर गाडीचं किती जमेल हे ती कधी बनली त्यावर ठरतं. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांचे रबर, पाइप, पंप ई२० ला टिकणारे आहेत. मॅन्युअलमध्ये किंवा टाकीच्या झाकणाजवळ ई२० लिहिलेलं असतं. त्याआधीच्या गाडीत लगेच काही फुटत नाही, पण नजर ठेवावी लागते. साधं नायट्राइल रबर इथेनॉलमध्ये फुगतं, मऊ पडतं, आणि सुकल्यावर त्याला भेगा जातात. टाकीपासून इंजिनापर्यंतची नळी बोटांनी दाबून बघा. चिकट लागली, फुगीर दिसली किंवा क्लॅम्पजवळ ओल दिसली तर बदला. नवी घेताना आतून व्हायटॉनचं (इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचं) अस्तर असलेली इंजेक्शनची नळी मागा. मीटरवर मिळणारी साधी पेट्रोल नळी ३ बारच्या लाइनला कधीही लावू नका. ती सुटली की गरम सायलेन्सरवर पेट्रोलचा फवारा उडतो. इंजेक्टरचे ओ-रिंग एकदा काढले की नवेच घाला.

आता पाणी, कारण खरं मोठं नुकसान तिथून होतं. साधं पेट्रोल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, पाणी तळाला बसून राहतं. इथेनॉल मात्र पाणी स्वतःत ओढून घेतं. थोडं असेल तोवर ते जळून जातं, काही कळतही नाही. पण एका मर्यादेच्या पुढे इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर तळाला बसतं. ई१० मध्ये ही मर्यादा अर्धा टक्का पाण्याच्या आसपास असते, ई२० मध्ये थोडी जास्त, आणि गारठा वाढला की ती खाली येते. तळाचा हा थरच पंप आधी ओढतो. गाडी धक्के देते, फटफट करते, बंद पडते. वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेनही गेलेला असतो.

सगळ्यात जास्त धोका सीएनजी गाड्यांना आहे, आणि याकडे कुणी बघत नाही. सीएनजीवर रोज धावणाऱ्या गाडीत पेट्रोल फक्त स्टार्टपुरतं लागतं. सीएनजी सुपर कॅरीची पेट्रोल टाकी ५ लिटरचीच आहे. तेवढं पेट्रोल पावसाळाभर तसंच पडून राहतं, झाकणाच्या जीर्ण वायसरातून ओल शिरते, आणि एक दिवस सीएनजी संपल्यावर पेट्रोलवर टाकली की गाडी चालत नाही. उपाय सोपा आहे. आठवड्यातून एकदा १५-२० किलोमीटर पेट्रोलवर चालवा, आणि महिना-दीड महिन्यात टाकीतलं पेट्रोल बदललं जाईल एवढा वापर ठेवा. झाकणाचं वायसर कडक झालं असेल तर बदला. उन्हाळ्यात टाकी पार तळाला नेऊ नका. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि त्याच पेट्रोलने थंड राहतो. पाव टाकीच्या खाली सतत चालवलेल्या गाडीचा पंप मे महिन्यात जातो.

पाण्याचा संशय आला तर टाकीच्या तळाचं अर्धा-एक लिटर पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत काढा आणि अर्धा तास हलवू नका. खाली वेगळा थर, रेघ किंवा दुधाळपणा दिसला तर वरून ताजं पेट्रोल ओतून भागवू नका. टाकी पूर्ण रिकामी करा, दोन-तीन लिटर ताज्या पेट्रोलने खंगाळा, जाळी आणि फिल्टर नवे घाला आणि मगच भरा. हे काम उघड्यावर, बॅटरीची तार काढून करायचं, आसपास विडी-सिगारेट नको. काढलेलं पेट्रोल बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नका.

पेट्रोलमध्ये इथेनॉल खरंच किती आहे हेही घरी बघता येतं. १०० मिलीचं खुणांचं काचेचं नळकांडं घ्या, लॅबच्या सामानाच्या दुकानात मिळतं. त्यात ९० मिली पेट्रोल आणि १० मिली पाणी घाला, झाकण लावून हलवा, मधून मधून झाकण सैल करून वाफ जाऊ द्या, आणि पंधरा मिनिटं ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं आणि खालचा थर वाढतो. तो २८ मिलीच्या आसपास आला तर १८ मिली इथेनॉल, म्हणजे ९० मधले २० टक्के. १९ आला तर १० टक्के. एक-दोन मिलीचा फरक धरून चाला. ३० च्या वर गेला तर पंपावर विचारण्यासारखी गोष्ट आहे. पंपावर घनता, फिल्टर पेपर आणि ५ लिटरच्या मापाची तपासणी मागणं हा प्रत्येक ग्राहकाचा हक्क आहे. बिनधास्त मागा.

ॲव्हरेज मोजायची पद्धत चुकली तर वरचे सगळे हिशोब वाया. मीटरचा काटा बघून किंवा पाचशेचं पेट्रोल टाकून ॲव्हरेज कळत नाही. टाकी फुल, त्याच पंपावर, त्याच नोझलला, पहिल्या कटपर्यंत. ट्रिप मीटर शून्य. पुढच्या वेळी पुन्हा तसंच फुल, आणि किलोमीटर भागिले लिटर. निदान तीन टाक्यांची सरासरी घ्या, आणि कुठलं काम केलं ते वहीत लिहा. केळीच्या बागेतून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चिखल तुडवत मेन रोडला येणाऱ्या गाडीची आणि जळगाव-धुळे हायवेला रिकामी जाणाऱ्या गाडीची तुलनाच होत नाही. कापसाची गाडी वजनाला हलकी पण उंचीला मोठी, तिथे वारा पेट्रोल खातो. ७५ ऐवजी ६० ने चालवली तर ई२० ने नेलेलं बरंचसं परत मिळतं. तसंच टायरचं: हवा पाचवा भाग कमी असेल तर दोन-तीन टक्के तिथेच जातात. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा. घासत फिरलं तर ब्रेक धरतोय, आणि तो इथेनॉलपेक्षा कितीतरी जास्त पेट्रोल खातो.

टाकीत ओतायच्या 'मायलेज वाढवणाऱ्या' बाटल्यांवर पैसे घालू नका. इंजेक्टर साफ करणारं औषध मळलेल्या इंजेक्टरला कधीतरी उपयोगी पडतं, पण लिटरमधली गेलेली ऊर्जा कुठलीही बाटली परत देत नाही. जास्त ऑक्टेनच्या महागड्या पेट्रोलचंही तेच, नॉकिंग नसेल तर त्याने ॲव्हरेज वाढत नाही. आणि काही पंपांवर मार्च २०२४ पासून 'इथेनॉल १००' नावाचं, जवळजवळ सगळं इथेनॉलच असलेलं इंधन विकायला आलंय. ते फक्त फ्लेक्स-फ्युएल, म्हणजे पेट्रोल आणि इथेनॉल कुठल्याही प्रमाणात चालणाऱ्या, गाड्यांसाठी आहे. स्वस्त दिसलं म्हणून साध्या पिकअपमध्ये भरलं तर कंप्युटरची दुरुस्ती करायची हद्द संपते, मिश्रण फार पातळ होतं आणि इंजिन तापून व्हॉल्व्ह जळतात.

कार्बोरेटरच्या जुन्या पेट्रोल गाड्या गावोगाव अजून आहेत, त्यांना कंप्युटर नाही आणि सेन्सरही नाही. ई२० वर त्यांचं मिश्रण ७-८ टक्के पातळ होतं आणि तसंच राहतं. यांच्यात ओढ खरोखर कमी होते. सकाळी स्टार्टला त्रास, ॲक्सिलरेटर दाबल्यावर मधेच दम तुटणं, कार्बोरेटरमधून उलटी फुसफुस, आणि प्लगचं टोक पांढरंफटक ही लक्षणं. जेट म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोल सोडणारी भोकाची तोटी. जेटचा नंबर भोकाच्या व्यासाचा असेल तर १०० च्या जागी १०५ चा मेन जेट बसवा, व्यासात चार-पाच टक्के वाढ पुरते. भोक पिनेने किंवा तारेने मोठं करू नका, ते गोल राहत नाही. फ्लोटची पातळी आणि सुईचं रबरी टोक त्याच वेळी बघा, फुगलेलं टोक अडकून पेट्रोल वाहू लागतं. जेट बदलल्यावर भरलेली गाडी चढावर दोन-तीन किलोमीटर चालवा, जागेवरच इंजिन बंद करा आणि थंड झाल्यावर प्लग काढून बघा. फिकट तपकिरी रंग आला तर जेट बरोबर बसला. काळा आला तर १०२.५ लावून पुन्हा तीच चढण.